कॅम्परसाठी स्वस्तात सोलर: पॅनेलचा नंबर तिसरा

कॅम्परवर, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीवर, सोलर बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'किती वॅटचं पॅनेल टाकू?' हा खरं तर तिसरा प्रश्न. आधी विचारायचं, दिवसभरात आपल्याला वीज लागते किती? मग, ऊन नसताना वापरायला त्यातली साठवायची किती? ही दोन उत्तरं कागदावर आली की पॅनेलचा आकडा आपोआप निघतो. उलट्या क्रमाने गेलं तर छतावर भलंमोठं पॅनेल, खाली इवलीशी बॅटरी आणि मधे बारीक वायर असा संसार उभा राहतो. त्यात पैसे पूर्ण जातात आणि वीज अर्धीच हाती लागते.

हिशेब वॅट-तासांत करायचा. उपकरण किती वॅटचं आणि ते किती तास चालतं, यांचा गुणाकार. घरच्या वीजबिलात ज्याला आपण एक युनिट म्हणतो ते म्हणजे असे १००० वॅट-तास. दोन माणसांच्या साध्या कॅम्परचा एक दिवस मांडून बघू. ३ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास: ६० वॅट-तास. दोन फोन पूर्ण चार्ज: ३०. लॅपटॉप ५० वॅटने तीन तास: १५०. छतातला पंखा २५ वॅटने रात्रभर, म्हणजे आठ तास: २००. पाण्याचा पंप ६० वॅटचा असला तरी दिवसात मिळून दहाएक मिनिटंच चालतो, म्हणून त्याचे फक्त १०. राहिला फ्रिज. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो, पण तो सतत चालत नाही. थंड झाला की थांबतो. साधारण एक तृतीयांश वेळ चालतो असं धरलं तर ३६०. एकूण ८१०.

या यादीकडे जरा टक लावून बघा. फ्रिज काढला तर उरतात ४५०. म्हणजे एकटा फ्रिज जवळजवळ बाकी सगळ्यांच्या बरोबरीने वीज खातो. त्यामुळे सोलरवरचा खर्च वाचवायचा असेल तर सुरुवात फ्रिजपासून होते. बाजारात 'कूलर बॉक्स' म्हणून मिळणारे स्वस्त डबे कॉम्प्रेसरवर चालत नाहीत. त्यातला थर्मोइलेक्ट्रिक तुकडा ४०-५० वॅट घेत राहतो, आणि उन्हाळ्यात थांबायचं नावच घेत नाही. दिवसाकाठी हजार वॅट-तास सहज जातात, आणि दूध तरीही कोमटच. फ्रिज विकत घेताना वाचवलेले पैसे मग दुप्पट होऊन बॅटरीत आणि पॅनेलमध्ये घालावे लागतात. वरून उघडणारा, पेटीसारखा कॉम्प्रेसरचा फ्रिज सर्वांत काटकसरी, कारण झाकण उघडलं तरी थंड हवा जड असल्यामुळे आतच बसून राहते.

उष्णता तयार करणारं काहीही सोलरवर चालवायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. एक लिटर पाणी उकळायला तसे १०० वॅट-तासच लागतात. आकडा लहान आहे, पण ते काम किटली काही मिनिटांत करते आणि त्या मिनिटांत बॅटरीतून ९०-१०० अँपिअर ओढते. तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर, जाडजूड केबल, दणकट बॅटरी असं सगळं वाढत जातं. खोली गरम करणारा हीटर आणि एअर कंडिशनर तर छोट्या यंत्रणेच्या आवाक्याबाहेरच. स्वयंपाक गॅसवर करा, सोलरचं बजेट निम्मं होतं.

साठवायचं किती

बॅटरीवर अँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांना व्होल्टने गुणलं की वॅट-तास मिळतात. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. प्रत्यक्षात त्यातले निम्मेच वापरायचे, कारण ती रोज तळापर्यंत उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय ती रोज पूर्ण भरावी लागते. शेवटचे २० टक्के ती फार सावकाश घेते, आणि सोलरवर तेवढ्यात सूर्य मावळतो. अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि बॅटरी कायमची कमकुवत होते.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी. १२.८ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-तास, आणि त्यातले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. अर्धवट भरून ठेवली तरी तिला काही होत नाही. वजन १२ किलोच्या आसपास, जिथे तेवढ्याच क्षमतेची लेड-अॅसिड २५ ते ३० किलो भरते. आयुष्य काही हजार चार्जिंग-फेऱ्यांचं, तर लेड-अॅसिडचं काहीशे फेऱ्यांचं. दुकानात एलएफपीची किंमत बघून पोटात गोळा येतो हे खरं. पण आपल्या ८१० वॅट-तासांसाठी एक एलएफपी पुरते, तिथे लेड-अॅसिडच्या दोन लागतात, आणि त्या काही वर्षांत बदलाव्या लागतात. जो माणूस महिनोन्‌महिने कॅम्परमध्ये राहणार, त्याला एलएफपीच स्वस्त पडते. वर्षातून चार-पाच वेळा फिरणाऱ्याला, फ्रिज नसेल तर, एक डीप-सायकल लेड-अॅसिड पुरेशी आहे. गाडी स्टार्ट करायची बॅटरी मात्र या कामाला लावू नका. ती क्षणभर प्रचंड प्रवाह द्यायला बनवलेली असते, हळूहळू रिकामी व्हायला नव्हे.

एलएफपीचं एक पथ्य आहे. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. गोठलेल्या अवस्थेत चार्जिंग केलं तर आत लिथियम धातूचा थर जमतो आणि ते नुकसान भरून येत नाही. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आत आहे का, हे विकत घेतानाच विचारून घ्या. नसेल तर बॅटरी राहत्या भागात, उबेला ठेवा. लेड-अॅसिडचं पथ्य वेगळं: चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून तिच्या कप्प्याला बाहेर उघडणारी हवा लागतेच.

आता पॅनेल

पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. छतावर भर उन्हात सेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतो, आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असतानाच १२ ते १५ टक्क्यांना कात्री. त्यात धूळ, वायरमधली घट, आडवं ठेवल्यामुळे सूर्याशी न जुळणारा कोन. एकंदर ७० टक्के हाती लागतात असं धरून चालावं.

दिवसभराचं कमी-जास्त ऊन एकत्र करून 'पूर्ण उन्हाचे तास' मोजतात. चांगल्या हंगामात ते चार-पाच भरतात. विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशात हिवाळ्यात जेमतेम एक. साडेचार धरले तर आपला हिशेब असा: ८१० भागिले ४.५ भागिले ०.७, म्हणजे सुमारे २६० वॅट. २५० ते ३०० वॅटचं पॅनेल पुरेल. फ्रिज नसेल तर १५० वॅटमध्ये भागतं.

जागेचं काय? १९५४ साली बेल लॅब्समध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला गेला, तेव्हा तो उन्हातल्या ऊर्जेपैकी ६ टक्के विजेत बदलत होता. आज साधं पॅनेल २० टक्के सहज करतं. म्हणजे चौरस मीटरला २०० वॅट, आणि ३०० वॅटला दीड चौरस मीटर छत. व्हेंट, पंखा, कॅरियर यांची जागा सोडून तेवढं छत उरतं का, ते टेप लावून मोजा. कागदावर उरतं आणि छतावर उरत नाही, असं फार वेळा होतं.

सावलीबद्दल मात्र जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण कॅम्परच्या छतावर सावली पाडणाऱ्या गोष्टी कायम असतात: व्हेंटचं झाकण, अँटेना, सामान, झाडाची फांदी. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. अरुंद पाऊलवाटेवरून ओळीने चालणाऱ्यांतला एक थांबला की मागचे सगळे अडतात, तसंच इथे. एक सेल झाकला गेला की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. नुकसान आटोक्यात राहावं म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. ते अडलेली ओळ वगळून प्रवाह पुढे नेतात. बऱ्याच पॅनेलमध्ये अशा दोन किंवा तीन ओळी असतात. म्हणजे तळहाताएवढ्या सावलीने अर्धी किंवा एक तृतीयांश वीज जाऊ शकते. म्हणून एका मोठ्या पॅनेलपेक्षा दोन लहान पॅनेल समांतर जोडणं कॅम्परवर अनेकदा फायद्याचं ठरतं. एकावर सावली आली तरी दुसरं आपलं काम करत राहतं.

कडक उन्हाळ्यात गाडी झाडाखाली लावावीशी वाटते आणि पॅनेलला ऊन हवं असतं. हा पेच कायमचा आहे. छतावर कमी आणि सोबत एक घडीचं सुटं पॅनेल लांब वायरसह, ही जोडी मला जास्त शहाणपणाची वाटते. सुटं पॅनेल सूर्याकडे तोंड करून तिरकं ठेवता येतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळीही ते बरी वीज देतं.

पातळ, वाकणाऱ्या पॅनेलच्या मोहात पडण्याआधी एवढं लक्षात घ्या की ती छताला चिकटवली की खालून हवा मिळत नाही. जास्त तापतात, कमी देतात आणि काचेच्या पॅनेलच्या मानाने लवकर खराब होतात. काचेच्या पॅनेलखाली दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवली की वाराच त्याला थंड ठेवतो. घरांच्या छतावरची मोठी पॅनेल वॅटमागे सर्वांत स्वस्त पडतात. जुनी, उतरवलेली मिळाली तर आणखी स्वस्त, कारण पॅनेल वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्यानेच मंदावतं. घेताना मल्टिमीटर सोबत ठेवा. उन्हात धरून, काहीही न जोडता मिळणारं 'खुलं' व्होल्टेज मागच्या लेबलशी ताडा, मग शॉर्ट-सर्किटचा प्रवाह. काचेला तडा, तपकिरी जळके डाग किंवा पापुद्रा सुटलेला दिसला तर सरळ पुढे जा. जुनी लेड-अॅसिड बॅटरी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्ज कंट्रोलर लागतो. पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणं हे त्याचं काम. त्याचे दोन प्रकार: पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. १०० वॅटचं पॅनेल साधारण १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला खेचून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो. अँपिअर तेच राहतात, म्हणजे ७२ वॅट उरतात. एमपीपीटी जादा व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो, म्हणून ते वॅट वाया जात नाहीत. एकच लहान पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम ठीक. घरगुती मोठं पॅनेल ४० व्होल्टच्या घरातलं असतं, त्याला एमपीपीटी हवाच. निवडताना दोन आकडे बघा. ३०० वॅट भागिले १३ म्हणजे २३ अँपिअर, तर ३० अँपिअरचा कंट्रोलर घ्या. दुसरा आकडा पॅनेलकडून चालणाऱ्या कमाल व्होल्टेजचा. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, म्हणून लेबलवरच्या आकड्याच्या वर २० टक्के जागा ठेवा. ही मर्यादा ओलांडली तर कंट्रोलर जळतो, दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. कारण बरेच कंट्रोलर बॅटरी बघूनच आपण १२ व्होल्टवर आहोत की २४ वर, हे ठरवतात.

जिथे हात आखडता घ्यायचा नाही

एक तक्रार नेहमी ऐकू येते: रात्री दोनला फ्रिज बंद पडतो, आणि बॅटरी तपासली तर निम्मी भरलेली. बॅटरीला दोष दिला जातो, कधी नवीही आणली जाते. खरा गुन्हेगार वायर असते. समजा फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर आहे आणि पाच अँपिअर घेतो. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून वायर दहा मीटर धरायची. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा तेवढ्या लांबीला रोध ०.१२ ओहम भरतो. म्हणजे वाटेतच ०.६ व्होल्ट गेले. निम्म्या भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीवर १२.२ व्होल्ट असतात, फ्रिजपर्यंत ११.६ पोचतात. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह क्षणभर वाढतो, व्होल्टेज आणखी ढासळतं, आणि फ्रिजच्या आतली संरक्षक यंत्रणा समजते की बॅटरी संपली. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची घातली असती तर घट जेमतेम ०.१५ व्होल्टची. घरात याहून बारीक वायरीवर पंखे-दिवे सुखाने चालतात, कारण तिथे व्होल्टेज जास्त आणि त्यामुळे त्याच वॅटला अँपिअर कमी. १२ व्होल्टच्या जगात अँपिअर मोठे, म्हणून वायर जाड. यात वाचवलेले पैसे रोज रात्री परत द्यावे लागतात.

फ्यूजबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. फ्यूज उपकरण वाचवायला असतो असं वाटतं. तो वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे त्याची जागा बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात, आणि त्याचा आकडा वायर जेवढा प्रवाह सुखाने पेलते त्याच्या आत. चालत्या गाडीत सगळं सतत थरथरतं. पत्र्याच्या भोकातून गेलेली वायर काही महिन्यांत घासून उघडी पडते, आणि एलएफपी बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणार्धात हजारभर अँपिअर ओतू शकते. म्हणून प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट आणि दर वीतभर अंतरावर क्लिप. घरातले एसीचे, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे, स्विच आणि एमसीबी इथे वापरू नयेत; बॅटरीचा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेचा असतो. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटलेली राहते. डीसी असं स्पष्ट लिहिलेलेच घ्या. जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या टोपणात वायर घट्ट दाबून द्या, पिळून टेप गुंडाळू नका. सगळं चालू करून अर्ध्या तासाने पॅनेल आणि इन्व्हर्टर बंद करा आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवा. गरम लागला तो जोड सैल आहे.

इन्व्हर्टर लागतो का, हेही एकदा तपासा. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर चालवणं म्हणजे १२ व्होल्टचा डीसी आधी एसी करायचा आणि मग चार्जरने पुन्हा डीसी. दोन्हीकडे घट. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप थेट १२ व्होल्टच्या सॉकेटमधल्या अॅडॉप्टरवर चालतो. मोठा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू राहिला तरी १०-१५ वॅट खातो. २४ तासांत २४० ते ३६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ दुसरा फ्रिजच. घ्यायचाच असेल तर ३०० वॅटच्या आसपासचा, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच एसी देणारा घ्या, काम झालं की बंद करा, आणि बॅटरीला अगदी चिकटून बसवा. लांब न्यायची ती एसीची बारीक वायर, डीसीची जाड केबल आखूड ठेवा.

रोज गाडी चालणार असेल तर इंजिन चालू असताना वीज तयार करणारा अल्टरनेटर विसरू नका. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाभराच्या प्रवासात जवळपास ३९० वॅट-तास भरतो, म्हणजे आपल्या हिशेबातला अर्धा दिवस. तो असला तर पॅनेल लहान चालतं, आणि पावसाळी आठवडाही निघून जातो. एलएफपी थेट अल्टरनेटरला जोडू नये. ती एवढा प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळण्याची भीती असते. चार्जर मधे असला की तो ओढ बांधून ठेवतो.

वर्षातून एक-दोन सुट्ट्यांसाठीच कॅम्पर बाहेर निघणार असेल, तर छताला भोकं पाडण्याआधी पोर्टेबल पॉवर स्टेशनचा विचार करा. बॅटरी, कंट्रोलर, इन्व्हर्टर एकाच डब्यात, वायरिंगची कटकट नाही. बिघडला तर सुटा भाग बदलणं अवघड आणि वाढवायची सोय कमी, पण कधीमधी वापरणाऱ्याला तेच सोयीचं.

बॅटरीत किती उरलं हे व्होल्टमीटरवरून एलएफपीत कळत नाही. ३० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत ती १३.२ च्या आसपासच दाखवत राहते. आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजणारा शंट लावलेला मॉनिटर घ्या. कोणतं उपकरण किती खातं, हेही तोच दाखवतो, आणि सुरुवातीचा कागदावरचा हिशेब आठवडाभरात त्याच्याशी ताडून दुरुस्त करता येतो.

कॅम्पर बरेच महिने उभा राहणार असेल तर लेड-अॅसिड पूर्ण भरून आणि पॅनेलला जोडलेली ठेवा. एलएफपी निम्मी भरून, मुख्य स्विच बंद करून ठेवा. पॅनेलचा स्विचही पाडायला विसरू नका, नाहीतर कंट्रोलर ती रोज शंभर टक्के भरत बसतो.